पाटावरचा माऊस

पैज लागली ती मागच्या फेन्सवर, आणि लावली मीच. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी माझ्या अंगावर यायला नको.

रविवार होता. मी गवत कापत होतो, म्हणजे मशीन बंद करून फेन्सला टेकून उभा होतो. डावीकडे प्रणव कपडे वाळत घालत होता. पुण्याचा पोरगा, सॉफ्टवेअरवाला, वर्क व्हिसावर आलेला, लग्न व्हायचंय. डोक्याला चांगली वीतभर पोनीटेल, जिच्यावरून त्याची आई दर शनिवारी फोनवर रडते. उजवीकडे मोहनकाका त्यांच्या टोमॅटोंशी बोलत होते. काका इंग्लंडातल्या या ब्रॅकनेलमध्ये आमच्या सगळ्यांच्या आधीपासून. हॉस्पिटलमधून रिटायर झाले, आता उन्हाळ्यात क्लबच्या मॅचेसना अंपायर म्हणून उभे राहतात. मॅच नसली की आमच्या घरात उभे राहतात.

"पण्या," मी म्हटलं, "कॉम्प्युटरला जुलाब लागले तर तुमच्यात काय देतात?"

"दादा, तुम्ही परत कशावर तरी क्लिक केलंत."

"मला लॉटरी लागली होती. क्लिक न करून कसं चालेल?"

त्यानं हातातला टॉवेल दोरीवर टाकला आणि फेन्सशी आला. "पुसून टाका सगळं. मी विंडोजच्या जागी लिनक्स टाकून देतो. फुकट आहे, व्हायरसची कटकट नाही, जगभरातली माणसं मिळून बनवतात."

"म्हणजे सार्वजनिक गणपती."

"तसंच समजा."

"मग वर्गणी मागायला कोण येतं?"

"कुणीच नाही."

"तिथेच गोम आहे. वर्गणी नसलेल्या मंडपात पंखा चालत नाही. माझ्या खटाऱ्यावर तुझं लिनक्स चढलं, तरी काहीतरी एक बंद राहणार बघ."

"एकूण एक चालेल. स्क्रीन, आवाज, कीबोर्ड, माऊस. तुमच्याच डब्यावर."

"लावतोस?"

"लावली."

"तुझी पोनीटेल."

त्यानं पोनीटेल चाचपली. मग माझ्या नाकाखाली बघून म्हणाला, "तुमची मिशी."

इथे मिशीबद्दल दोन शब्द. कॉलेजपासून आहे. रश्मीनं लग्नाआधी मला बघितलं ते मिशीसकट, त्यामुळे खाली काय आहे ते तिलाही माहीत नाही. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे इथल्या मराठी मंडळाच्या दसऱ्याला पोरांसाठी जो रावण असतो, तो मी. पोरं कागदाचे बोळे मारतात, मी गडगडाटी हसतो आणि पडतो. हा पार्ट मला ॲक्टिंगवर मिळालाय असं मी सांगतो. मिशीवर मिळालाय हे अख्ख्या हॉलला ठाऊक आहे. यंदा तर मंडळातल्या श्यामलाताईंनी पुठ्ठ्याची नऊ तोंडं नव्यानं रंगवायला घेतली होती, प्रत्येकावर माझीच मिशी, मला खुर्चीत बसवून ट्रेसिंग पेपरवर काढलेली. वर्षातून एक संध्याकाळ मी गोडाउनचा डिस्पॅच सुपरवायझर नसतो, लंकेचा राजा असतो. ती मिशी मी पैजेला लावली, कारण हरण्याचा प्रश्नच नव्हता.

मोहनकाका टोमॅटो सोडून आलेच. "टर्म्स नीट ठरवा. नंतर भांडणं नकोत."

अटी काकांनी घातल्या. आहे त्याच सामानावर, बाहेरचं काही जोडायचं नाही. मुदत पुढच्या रविवारी, मंडळाच्या कार्यक्रमाला निघेपर्यंत.

"निघेपर्यंत म्हणजे नेमकं कधी, काका?" प्रणवनं विचारलं. हे सॉफ्टवेअरवाले असलं विचारतातच.

"मी कोट घालेन. शेवटचं बटण लागलं की स्टम्प्स. आणि हरेल त्यानं हॉलमध्ये सगळ्यांसमोर पैसे चुकते करायचे. म्हणजे केस."

पुढचा रविवार निघाला खंडेनवमीचा; दसरा सोमवारी, पण मंडळ तो सोयीनं रविवारीच करतं. प्रणव सकाळीच सीडी घेऊन हजर, आणि आमच्या लाउंजमध्ये पाट मांडलेला. रश्मी दरवर्षी घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा करते. शिवणाची कात्री, स्वयंपाकघरातल्या सुऱ्या, माझं ड्रिल, गाडीची किल्ली. कॉम्प्युटरवर तिचं इंडियातल्या बहिणींशी बोलणं चालतं, म्हणून तोही हत्यार. आता डबा जड, टेबलाखाली कोंबलेला, तो कोण काढणार? म्हणून त्याच्या वतीनं कीबोर्ड आणि माऊस पाटावर आले. माऊसच्या पाठीवर हळदीकुंकवाची बोटं, भोवती वायरीचं वेटोळं, वर सुपरमार्केटमधलं पिवळं फूल.

"सीडी पण ठेव रे," रश्मी प्रणवला म्हणाली.

"वहिनी, माझा विश्वास नाही असल्यावर," तो म्हणाला आणि सीडी कव्हरमधून काढून, पुसून, बरोबर मधोमध ठेवली.

मी किचनमध्ये पुऱ्या तळत होतो, हात तेलकट. म्हणून अक्षता टाकायचा मान प्रणवला. या पोरानं आयुष्यात अक्षता टाकल्या त्या फक्त लोकांच्या लग्नात, लांबच्या खुर्चीवरून. सवयच ती. मूठभर लाल तांदूळ घेऊन चार पावलं मागे सरकला आणि फेकले. सुऱ्यांवर, ड्रिलवर, कार्पेटवर, थोडे मोहनकाकांच्या चहात.

"अरे, मुंज आहे का माऊसची?" मी आतून ओरडलो.

जेवणं झाली. प्रणव टेबलाखाली शिरला, वायरी लावल्या, सीडी घातली. मोहनकाका सोफ्यावर अंपायरच्या पोझिशनमध्ये. मी मुद्दाम लांब खुर्ची घेऊन बसलो, हात मांडीवर, दिसतील असे. त्याला कारण होतं. एप्रिलमध्ये मी प्रणवच्या घरापुढे 'फॉर सेल'चा बोर्ड उभा केला होता, आणि एक जोडपं त्याचं बाथरूम बघून गेलं होतं. गोडाउनमध्ये तर मी साहेबांच्या माऊसमधली, ज्यावर तो चालतो ती रबराची गोळी दर शुक्रवारी काढून त्यांच्याच ड्रॉवरमध्ये ठेवायचो. त्यामुळे माझ्यावर लोकांचं लक्ष असतं. पण त्या दिवशी मी ठरवलं होतं की काही करायचं नाही. जिंकायचं ते सरळ जिंकायचं. आयुष्यात पहिल्यांदाच इतका सरळ बसलो होतो, पाठ दुखायला लागली.

लिनक्स चढलं. मधे मधे प्रणव टॅबचं बटण दाबत म्हणायचा, "शहाण्याला माऊस लागतच नाही." आवाज आला, ढोल वाजवल्यासारखा काहीतरी. स्क्रीनवर छान तपकिरी रंग आला. मधोमध बाण उभा.

प्रणवनं माऊस हलवला. बाण जागचा हलला नाही.

त्यानं परत हलवला. मग उचलून आपटला. बाण तसाच, बसस्टॉपवर बस चुकलेल्या माणसासारखा.

प्रणव सावकाश वळला आणि माझ्याकडे बघायला लागला. मोहनकाका पण. रश्मी किचनच्या दारात येऊन उभी राहिली, ती पण.

"मी काही नाही केलं," मी म्हटलं.

"गोळी कुठाय?" प्रणव म्हणाला.

"आतच असेल. मला काय विचारतोस?"

त्यानं माऊस उलटा केला, झाकण फिरवलं. गोळी होती. त्यानं ती हुंगलीसुद्धा. परत बसवली. "म्हणजे दुसरं काहीतरी केलंय."

"पण्या, देवाशप्पथ."

"कुठल्या देवाची?" रश्मीनं विचारलं.

मग जी दुपार सुरू झाली, ती मी शत्रूलाही देणार नाही. प्रणवनं पोनीटेल घट्ट बांधली आणि काळी खिडकी उघडून टायपायला लागला. पांढऱ्या अक्षरांच्या ओळी भराभरा वर पळायच्या, तो त्या वाचायचा, मान हलवायचा. "कीबोर्ड दिसतोय. माऊसचं नावच नाही. सिस्टीमला माहीतच नाही की माऊस नावाची वस्तू आहे."

"तिला सांग की आहे. ही काय, समोर."

"सांगतोय तेच, दादा."

त्यानं कुठली तरी फाइल उघडली, तिच्यात माऊसचा पत्ता बदलला, बंद करून चालू केलं. बाण मधोमध. पत्ता पुन्हा बदलला. बंद, चालू. बाण मधोमध. दर वेळी तो ढोल वाजायचा, आणि दर वेळी सगळे माझ्याकडे बघायचे, जणू मी खुर्चीत बसून मनातल्या मनात बाण धरून ठेवलाय. टेबलाखाली शिरून त्यानं वायर उपटली, लावली, उपटली, लावली. डोकं आपटलं. मग लॅपटॉप आणून जगभरातल्या माणसांना विचारलं. जगभरातली माणसं म्हणाली, आमच्याकडे चालतो.

"वर्गणी दिली असती तर कुणी घरी तरी आलं असतं," मी म्हटलं.

"दादा, प्लीज."

"दुसरा माऊस लावून बघू का?" मग प्रणवनं काकांना विचारलं.

"टर्म काय होती?" काका म्हणाले. "आहे त्याच सामानावर."

"निदान हा माझ्या लॅपटॉपला लावून बघतो."

लॅपटॉपला माऊसच्या गोल पिनेचं भोकच नव्हतं. तो लॅपटॉप हातात धरून चारी बाजूंनी फिरवत राहिला, जणू कुठे तरी उगवेल.

मग माझी झडती झाली. खोटं नाही सांगत. माझ्या घरात, माझ्या सोफ्यापुढे, माझ्या बायकोनं मला खिसे उलटे करायला लावले. निघालं काय, तर सुपरमार्केटच्या ट्रॉलीत घालायचा पौंड, एक खडीसाखर आणि रबराचं झुरळ. झुरळाचा या केसशी काही संबंध नव्हता, ते सोमवारसाठी होतं. पण ते निघाल्यावर माझी होती ती इज्जतही गेली.

"गिरीश, सांगून टाक बाबा," रश्मी म्हणाली. "कार्यक्रमाला उशीर होईल."

"काय सांगू? केलं असतं तर अभिमानानं सांगितलं नसतं का? फॉर सेलचा बोर्ड मी लपवला का? पहिल्या दिवशी चहा पिता पिता सांगितला."

"तेव्हा पैज नव्हती."

वैताग म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. खोटं पचवायला मला कधी त्रास झाला नाही, पण हे खरं कुणाच्या घशाखाली उतरेना. चार वेळा सांगितलं तर तुझा चेहराच तसा आहे म्हणतात. चेहऱ्याला मी काय करू? गप्प बसलो तर म्हणतात, बघा, गप्प बसला.

बाहेर ऊन कलायला लागलं. प्रणव टायपायचा थांबला. दोन्ही कोपरं टेबलावर, हनुवटी एका तळहातावर. पोनीटेल खांद्यावरून पुढे आलेली, तिच्या टोकाशी तो नकळत बोटं फिरवत होता. मंडळातल्या अर्ध्या लोकांना या पोरानं लिनक्स टाकायला तयार केलं होतं. आता रात्री त्यांच्याच पुढे भादरून घेऊन उभा राहणार होता.

"रश्मी, माझा कोट आण," काका म्हणाले.

म्हणजे मी जिंकलो होतो. तोंड मिटून बसायचं होतं फक्त.

काका उभे राहिले. "गिरीश, पैज तुझी. पण खेळ स्वच्छ नव्हता. पोराला फसवलंस."

रश्मीनं पाटावरची कात्री उचलली, तिच्यावरचं कुंकू पदराला पुसलं आणि माझ्या हातात दिली. "घे. हीच वापर. आणि कापून झालं की तरी सांग, काय केलं होतंस ते."

प्रणवनं खुर्ची माझ्याकडे फिरवली. नुसतं बघितलं माझ्याकडे.

माझं डोकं फिरलं. म्हटलं, ठीक आहे. मी केलंय म्हणता ना? मग मी केलं असतं, तर कुठे केलं असतं? गोळी काढणार नाही, ती सगळ्यात आधी बघतात. फाइलमध्ये काही करायची माझी अक्कल नाही. मी करणार ते बोटांनी, आणि जिथे वाकल्याशिवाय दिसत नाही तिथे. मी कात्री ठेवली, चष्मा लावला, टॉर्च घेतला आणि टेबलाखाली शिरलो.

डब्याच्या मागे दोन गोल पिना शेजारी शेजारी. जांभळी कीबोर्डची, हिरवी माऊसची. प्रणवनं त्या पन्नासदा काढल्या घातल्या असतील, पण हातानं, चाचपडत, डोकं वर स्क्रीनकडे. मी आयुष्यभर खोकी बंद करत आलोय. झाकण नीट बसलंय की नाही हे मला लांबून दिसतं. जांभळी पिन डब्याला चिकटून बसली होती. हिरवी जरा वर होती. जरा म्हणजे तांदळाएवढी.

ओढून काढली. टॉर्च मारला. गोल तोंडात बारीक बारीक पितळी सुया, आणि त्यांच्या मधल्या खाचेत, कुंकवात भिजून, वाळून, पक्की बसलेली एक अक्षता. अर्धी. वर पन्नास वेळा दाबून आणखी आत ठोकलेली.

"सापडलं," मी खालून म्हटलं. इतका आनंद मला लग्न ठरलं तेव्हाही झाला नसेल. डोकं आपटत बाहेर आलो, रश्मीच्या केसातली पिन काढून घेतली, तांदूळ उकरला आणि तळहातावर धरून तिघांच्या नाकासमोरून फिरवला. "हे बघा. बघा नीट. कुणाचंय हे? मी पुऱ्या तळत होतो. अक्षता कुणी फेकल्या? चार पावलं मागे जाऊन कुणी फेकल्या? मी चोर काय? खिसे उलटे करायला लावता काय?"

"अक्षतेला दोष देऊ नकोस," रश्मी म्हणाली.

"अक्षतेला नाही देत. नेमबाजाला देतोय."

प्रणव तांदळाकडे बघत होता. मग त्यानं माझ्या दुसऱ्या हातातल्या, माऊसच्या हिरव्या पिनेकडे बघितलं. मग काकांकडे. काकांचा एक हात कोटाच्या बाहीत होता, दुसरा बाहेर.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पण तोपर्यंत हिरवी पिन माझ्या हातातून गेली होती आणि प्रणवचे दोन पाय टेबलाखालून बाहेर दिसत होते.

"रीस्टार्ट करावं लागेल," तो आतून म्हणाला. "काका, सावकाश."

"मी माझ्याच स्पीडनं घालतो," काका म्हणाले.

काकांचा स्पीड म्हणजे काय सांगू? सांधे धरलेत त्यांचे. दुसरी बाही सापडेना. सापडली तर आत स्वेटर गुंडाळला गेला. स्क्रीन काळी झाली, पांढऱ्या ओळी पळायला लागल्या. मी गेलो मदतीला. बाही सरळ केली, कॉलर बसवली, गुडघ्यावर बसून खालचं बटण लावायला घेतलं. ब्रॅकनेलमध्ये कुणी वडीलधाऱ्यांची इतकी सेवा केली नसेल.

काकांनी माझ्या हातावर चापट मारली. "प्लेअर अंपायरला हात लावत नाही."

"काका, थंडी आहे बाहेर."

"आत नाहीये."

पहिलं बटण लागलं. दुसरं चुकीच्या काजात गेलं, काकांनी ते काढलं, परत लावलं. मी डोळे मिटले. ढोल वाजला. प्रणवनं माऊसवर हात ठेवला, आणि बाण उजवीकडे गेला, मग डावीकडे, मग उगाच गोल गोल फिरत राहिला.

काकांनी शेवटचं बटण लावलं. "वेळेत आहे. प्रणवची पैज."

"पण दोष त्याचाच होता."

"दोष कुणाचा हा प्रश्न नव्हता. चालतं की नाही, एवढाच होता. तू शोधलंस, फार छान केलंस. चल."

तोंड मिटून बसलो असतो, तर पोनीटेल माझी होती. पण त्या तांदळापायी मला कुणी तरी खरा माणूस म्हणावं एवढीच हौस झाली होती.

चर्चच्या हॉलमध्ये मंडळ जमलं होतं. सोनं म्हणून कुणाच्या तरी कुंपणाच्या झुडपाची पानं ताटात. मला स्टेजवर खुर्ची दिली, गळ्याला टॉवेल बांधला. प्रणवनं रश्मीच्या कात्रीनं मोठं काम केलं आणि बारीक काम त्याच्या बॅटरीच्या ट्रिमरनं. पुढच्या रांगेतली पोरं मोजत होती की अजून किती राहिली. झाल्यावर रश्मी जवळ आली, चष्मा वर करून बराच वेळ बघितलं.

"काय?"

"काही नाही," ती म्हणाली. "वरचा ओठ आहे की तुला."

श्यामलाताई नऊ तोंडं घेऊन आल्या आणि मला बघून जागच्या जागी थांबल्या. "अहो, हे काय? मी दोन रात्री जागून मिशा काढल्यात."

"माऊस डिटेक्ट होत नव्हता, ताई."

त्यांनी पुढे विचारलं नाही. बांधली तोंडं. चार इकडे, पाच तिकडे, सगळ्यांना झुपकेदार काळ्या मिशा, आणि मधोमध माझं एक बोडकं, सोललेल्या बटाट्यासारखं. मी गडगडाटी हसलो. नेहमी मिशी थरथरायची, आता नुसता ओठ थरथरला, आणि त्यावर दाराच्या फटीतून येणारा वारा लागत होता. कुणीतरी म्हणालं, हा बिभीषण दिसतोय.

पोरं बोळे घेऊन सरसावली, तेवढ्यात प्रणवनं माइक घेतला. पोनीटेल छान विंचरलेली. म्हणाला, "मारायच्या आधी एक सांगतो. आज दादांवर फार संशय घेतला आम्ही. पण त्यांनी खरंच काही केलं नव्हतं. तांदूळ माझाच होता."

सगळा हॉल माझ्याकडे बघायला लागला. मी नऊ तोंडं सावरत छाती पुढे काढली.

आणि मग ते जे हसायला लागले. मागच्या रांगेपर्यंत. टाळ्या वाजवून. मोहनकाकाही, कोटाची बटणं धरून.

"नाही, खरंच," प्रणव माइकमध्ये म्हणाला. "खरंच सांगतोय."

"तुला पण सामील करून घेतलं होय रे," श्यामलाताई खालून म्हणाल्या, आणि पहिला बोळा बरोबर माझ्या वरच्या ओठावर बसला.